डाव्या बटणावरचा रबर

चिमटा हे नाव त्याला आईबापांनी ठेवलेलं नव्हतं, ते कारखान्याने ठेवलं. डाव्या हाताची मधली तीन बोटं पत्रा कापायच्या प्रेसखाली गेली आणि अंगठा आणि करंगळी तेवढी उरली. पट्टी सुटल्यावर तो पहिल्यांदा फाटकातून आत आला तेव्हा पॉलिशखात्यातून कोणीतरी ओरडलं, "आला रे आपला चिमटा!" सगळे हसले. तोही हसला, आणि सगळ्यांत मोठ्याने तोच हसला. पॅकिंगच्या टेबलापाशी त्याची थोरली बहीण पेडलांना तेलकट कागद गुंडाळत उभी होती. तिने हातातलं पेडल टेबलावर असं आपटलं की त्यातले छर्रे फरशीभर पळाले.

त्याला आता जमाना लोटला. कारखाना बंद पडला, फाटकाला गंज चढला. ज्यांनी सायकलींचे भाग घडवले त्यांच्या गुडघ्यांचे भाग झिजले. पण बाजारहाटात अजून कोणी जुना भेटला की म्हणतो, "काय चिमटा, बरं आहे ना?" आणि हा वेडा अजून हसतो.

ताई मात्र हसत नाही. तिला सगळे ताईच म्हणतात, कारखान्यातही म्हणायचे. लग्न केलं नाही. बाप अंथरुणाला खिळलेला आणि भाऊ शिकाऊ, तेव्हा घर ओढायचं की लग्न करायचं, असा प्रश्न पडायलाही तिला सवड मिळाली नाही. तिला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, आणि ती मिळाल्याशिवाय मरायचं नाही असं तिने ठरवलं होतं. भावाने एकदा, फक्त एकदा, चारचौघांत खरं सांगावं.

खरं काय ते एका दमात सांगण्यासारखं आहे. प्रेसला दोन बटणं असायची, डाव्या हाताला एक, उजव्या हाताला एक. दोन्ही एकदम दाबली तरच वरचा ठोकळा खाली यायचा. ज्याने ते यंत्र बनवलं त्याची अक्कल साधी होती. दोन्ही हात बटणांवर असले तर एकही हात ठोकळ्याखाली असणार नाही. पण पत्रा सरकवा, हात मागे घ्या, दोन्ही बटणं दाबा, तयार चकती काढा, यात वेळ जातो. आणि वेळ गेला की मालकाला स्वतःची चामडी सोलल्यासारखं होतं. मग कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून रबर निघाला. सायकलची जुनी ट्यूब आडवी कापली की रबराची एक वळी निघते. ती वळी डाव्या बटणावरून ताणून मागच्या बोल्टाला अडकवायची. झालं. डावं बटण दिवसभर आपलं आपण दाबलेलं. उजव्या हाताने बटण, डाव्या हाताने पत्रा. धडाधड चकत्या. त्या चकत्यांना पुढे दाते पाडून त्यांवर साखळी चढायची आणि लोक शीळ घालत सायकली हाणायचे.

हा चोरून करायचा उद्योग नव्हता. सकाळी स्टोअरच्या खिडकीपुढे रांग लागायची. आधी कापसाचा बोळा, मग तेलाची कुपी, मग रबर. नवा माणूस विचारायचा, "हे कशाला?" स्टोअरवाला म्हणायचा, "ठेव, साखरपुड्याला होईल." फोरमन फेरीला निघाला की त्याचा रामराम म्हणजे एकच, "रबर घातला का?" एकाने घातला नाही, तर दुसऱ्या दिवशी त्याला भट्टीवर पाठवलं. नंतर कोणी न घालण्याचं नाव काढलं नाही.

मग भावाची पाळी आली.

प्रेसखात्यात एवढा दणदणाट असायचा की तो थांबला की कानात दुखायचं. त्या दिवशी तो थांबला. ताई टेबल सोडून पळत आली. माणसांच्या पाठी बाजूला सारून ती पुढे घुसली, आणि तिने जे पाहिलं ते तिच्या डोळ्यांतून आजतागायत गेलेलं नाही. रक्त तर सगळ्यांनीच पाहिलं. तिने फोरमनचा हात पाहिला. भाऊ तिथे कळवळतोय, आणि फोरमनचा हात डाव्या बटणावर. त्याने बोल्टावरून रबर सोडवला, खिशात टाकला, आणि मगच ओरडला, "अरे बघता काय, उचला त्याला!"

आधी रबर, मग माणूस. असा तो कारखाना.

दवाखान्यात मॅनेजर आला. खुर्ची ओढून बसला, भावाच्या कपाळावर हात ठेवला. बापानेही एवढ्या मायेने कधी ठेवला नसेल. म्हणाला, "यंत्राचा दोष निघाला तर खातं सील होईल. सगळे घरी बसतील, तुझी बहीण पण. लक्ष चुकलं म्हणालास तर माणूस आहे, चुकतो. तुला फाटकावर बसवू. आयुष्यभर." भाऊ तेव्हा मिसरूड फुटलेला पोरगा. तो म्हणाला, "लक्ष चुकलं." चौकशीला बाहेरून साहेब आला, त्याने विचारलं, "लक्ष कुठे होतं?" आता हे काही मॅनेजरने शिकवलं नव्हतं. पोरगा गडबडला आणि म्हणाला, "छपराखाली पाखरू आलं होतं. त्याच्याकडे बघत होतो."

ताई त्या साहेबापुढे जाऊन उभी राहिली. रबर, खिडकी, फोरमनचा खिसा, सगळं सांगितलं. साहेब म्हणाला, "ज्याचा हात गेला तो स्वतः सांगतोय. तुम्ही कोण?"

तुम्ही कोण! तेव्हापासून ती आत धुमसत राहिली.

पाखरू मात्र वाढलं. फाटकावरच्या खुर्चीत बसून भाऊ येणाऱ्याजाणाऱ्याला ती गोष्ट सांगू लागला. आधी नुसतं पाखरू होतं. मग त्याला निळी शेपटी आली. मग ते फुटक्या काचेतून आत आलं, बाहेरची वाट सापडेना म्हणून काचेवर टकटक करू लागलं. काही वर्षांनी ते भावाकडे बघूनही गेलं. "असं मान वळवून बघितलं हो त्याने! मी म्हटलं, अरे जा, जा बाहेर, आणि तेवढ्यात खटॅक!" लोक हळहळायचे. चहा पाजायचे. त्याची बायको तर ही गोष्ट ऐकूनच त्याच्या प्रेमात पडली. पाखरासाठी हात देणारा माणूस, तिला वाटलं, केवढ्या मऊ काळजाचा.

त्या खात्यात पाखरू! अरे, त्या धुरात आणि आवाजात उंदीर टिकत नव्हता.

तर आता मालकाची नात परदेशातून शिकून आली होती. पडीक कारखान्याच्या प्रेसखात्यात तिने 'आठवणींचं दालन' काढायचं ठरवलं. जुन्यांना शोधत ती भावाच्या घरी आली, पलंगाच्या कडेला बसली, फुटक्या कानाच्या कपातून चहा प्याली. पोरगी वाईट नव्हती. वाईट असती तर ताईला सोपं गेलं असतं. तिने पाखराची गोष्ट ऐकली आणि तिचे डोळे भरून आले. "काका, उद्घाटनाला हीच सांगायची. आणि मी भिंतीवर ते पाखरू रंगवून घेते."

मालक लोकांना आठवणी फार आवडतात. माणूस मेला किंवा म्हातारा झाला, आता काही मागणार नाही अशी खात्री पटली, की त्यांना त्याच्या आठवणींचा उमाळा येतो.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी ताई भावाच्या घरी गेली तेव्हा तो इस्त्रीचा सदरा घालून आरशापुढे उभा होता. भावजय बटणं लावून देत होती. डाव्या बाहीचं बटण त्याला कधीच लावता येत नाही.

"बाळ," ताई म्हणाली, "आज खरं सांग."

"झालं सुरू," तो आरशातच म्हणाला.

"वन्सं, आजच्या दिवस तरी भांडू नका ना," भावजय म्हणाली. "सगळे येणारेत. फोटोवाला येणारे."

"येऊ दे की. फोटोवाला काय मला खाणारे? बाळ, मी काय म्हणते, आता कोणाला भ्यायचंय? थोरला मालक गेला. मॅनेजर गेला. फोरमन अंथरुणात, त्याला स्वतःचं नाव आठवत नाही. खातं सील व्हायचं म्हणावं तर तिथे आता फुलांच्या कुंड्या ठेवल्यात. भ्यायला उरलंय कोण?"

"भीत कोण आहे?"

"मग सांग ना. रबर म्हण. एक शब्द आहे. खिडकीतून मिळायचा म्हण."

त्याने भांग पाडला, फुंकर मारून कंगवा साफ केला. "ताई, लोकांना पाखरू आवडतं."

"लोकांच्या आवडीनिवडी गेल्या चुलीत!"

"बघा," भावजय म्हणाली. "निघायच्या वेळी चूल."

ताईने पिशवी काखेत घट्ट धरली. त्या पिशवीत तिने काल सायकलवाल्याकडून जुनी ट्यूब मागून कापलेली रबराची वळी ठेवली होती. ती वळी कशाला घेतली, तिचं काय करायचं, हे तिचं तिलाही नीट ठाऊक नव्हतं. पण मोकळ्या हाताने त्या खात्यात शिरायचं तिच्या जिवावर आलं होतं.

दालन झकास केलं होतं. फरशी घासून पुसून अशी की तिच्यात तोंड दिसावं. छर्रे काचेच्या बरण्यांत भरलेले, जशा काही गोळ्या. घंट्यांची माळ, पेडलांची रांग, साखळ्यांचं झुंबर. कपाटात ग्रीसचा एक डबा, त्यावर दिवा सोडलेला. ज्या ग्रीसने ताईच्या नखांखालची कातडी कायमची काळी केली, ते ग्रीस आता दिव्याखाली बसून मिरवत होतं. आणि मधोमध प्रेस. भडक हिरवा रंग दिलेला. बटणं नवी, लाल. मागच्या भिंतीवर, छपरापर्यंत, ते पाखरू. निळी शेपटी, मान वळवलेली.

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एका खोट्या शब्दाला पंख फुटून तो भिंतीएवढा झाला होता.

जुने कामगार आले होते. पॉलिशवाला काठी टेकत आला होता, भट्टीवाला कानाला यंत्र लावून. चहा फिरत होता. "काय रे, हीच का ती मोरी जिथे आपण लपून बिड्या ओढायचो?" "मोरी कसली, आता विश्रामकक्ष आहे तो." "मग बिडी नको, आता विश्रांतीच ओढ." हशा. ताई भिंतीला टेकून उभी राहिली.

भाषणं झाली. मग मालकाची नात म्हणाली, "आता आपले काका. काका, आधी दाखवा ना, कसं चालवायचे प्रेस? बसा ना स्टुलावर. वीज नाहीये, घाबरू नका."

भाऊ गेला. स्टुलावर बसला. पाय आपोआप जागेवर गेले, पाठ थोडी वाकली, मान खाली. इतक्या वर्षांत त्या स्टुलावर तो बसलाच नव्हता. अपघातानंतर तो फाटकावर बसला तो प्रेसकडे पाठ फिरवूनच. आता तो बसला, आणि ताईने पाहिलं, बाकी जुन्यांनीही पाहिलं, की त्याचा उजवा हात सदऱ्याच्या खिशात गेला. खिशातून काहीतरी काढल्यासारखी चिमूट बाहेर आली. ती चिमूट डाव्या बटणावरून मागे गेली, ताण दिल्यासारखी खेचली, आणि बोल्टाशी येऊन अडकवल्यासारखी सुटली. चिमटीत काही नव्हतं. पण हाताला ठाऊक होतं. डोकं खोटं बोलायला शिकलं, हात शिकलाच नाही.

खात्यात चहाचे कप वाजायचे थांबले. पॉलिशवाल्याने काठी घट्ट धरली. भट्टीवाला खाली बघू लागला. याच माणसाला एकदा रबर घातला नाही म्हणून भट्टीवर धाडलं होतं.

"हे काय केलंत काका?" नातीने हसत विचारलं. "हे मला माहीत नव्हतं."

भाऊ स्वतःच्या हाताकडे बघत राहिला, जणू तो हात दुसऱ्याचा. ताई भिंतीचा टेका सोडून उभी राहिली. आता. आता बोल. वाट उघडी आहे, तुझ्याच हाताने उघडलीस.

"काही नाही," तो म्हणाला. "धूळ झटकली." आणि मग त्याने मान वर केली, भिंतीकडे पाहिलं आणि नेहमीचा गोड आवाज काढला. "तर त्या दिवशी काय झालं, की त्या वरच्या काचेतून..."

"पाखरू नव्हतं!"

ताई ओरडली तेव्हा तिला वाटलं दुसरंच कोणी ओरडलं. सगळ्या माना वळल्या. भावजयीने पदर तोंडाशी नेला.

"पाखरू नव्हतं," ताई पुन्हा म्हणाली. "रबर होता. हे सगळे बसलेत ना इथे चहा पीत, सगळ्यांना ठाऊक आहे. विचारा त्यांना. बोला की रे! दातखीळ बसली का?"

आयुष्यभर फोरमनपुढे गप्प बसलेली तोंडं फोरमन नसला तरी गप्पच बसतात, ती सवय हाडांत जाते. नात बावरून एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होती. "मावशी, कसला रबर?"

भाऊ स्टुलावरून उठला. "पाखरू होतं, ताई," तो हळू म्हणाला. मग सगळ्यांना म्हणाला, "तिचं वय झालंय." आणि गर्दीतून वाट काढत बाहेर गेला.

वय झालंय! ताई त्याच्या मागे बाहेर आली. कुंपणाच्या भिंतीपाशी, जिथे पूर्वी सायकली लावायचे, तिथे तो उभा होता. डावा हात नेहमीसारखा पाठीमागे लपवलेला. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण मूठ झाकायला बोटं लागतात.

"माझं वय झालंय काय रे?"

"मग काय म्हणू? चारचौघांत अब्रू काढलीस."

"अब्रू कोणाची? मालकाची! तुझी कशी?"

"माझी!" तो एकदम किंचाळला, आणि ताई दचकली. बोटं गेली त्या दिवसानंतर तिने त्याचा असा आवाज ऐकला नव्हता. "तुला काय वाटतं, मला ठाऊक नाही? मला ठाऊक नाही रबर कोणी दिला? अगं, पाखरू असलं तर मी माणूस आहे. चुकलेला, खुळा, पण माणूस. कशाकडे तरी बघत होतो. पाखरू नसलं तर कोण मी? बांधून दिलं तिथे मान घालणारा बैल. बोटं घेतली, आणि वर माझ्याकडूनच वदवून घेतलं, आणि मी आयुष्यभर त्यांच्याच फाटकावर बसून त्यांच्याच गाड्यांना सलाम ठोकला. उरलेल्या हाताने! हे सांगू लोकांना? हे सांगून घरी जाऊन जेवू?"

इतकी वर्षं ताईला वाटत होतं की भाऊ घाबरतो, किंवा विसरला, किंवा खोट्यालाच खरं मानू लागला. तो सगळं जाणून रोज सकाळी ते पाखरू अंगावर सदऱ्यासारखं चढवत होता, हे तिच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. ती मालकावर रागावली होती, फोरमनवर, मॅनेजरवर. या घडीला राग कोणाचा यावा हेच तिला कळेना, आणि त्या न कळण्याचाही राग आला.

"बैल मीही होते," ती शेवटी म्हणाली. "पण मी हंबरले तरी."

त्याने नाक ओढलं. रडतो आहे की हसतो आहे ते कळलं नाही. मग तिच्या काखेतल्या पिशवीकडे बघून म्हणाला, "सकाळपासून काय धरून बसलीस त्या पिशवीत? बाँब आणलास का?"

तिने पिशवी उघडली. त्याने पाठीमागचा हात पुढे आणला, अंगठा आणि करंगळी आत घातली आणि वळी बाहेर काढली. उजव्या हाताने ताणून पाहिली. नाकापाशी नेली.

"जाड कापलीस," तो म्हणाला. "याहून बारीक असायची. जाड असली की बटण अर्धंच दाबलं जायचं." आणि मग, रस्त्याकडे बघत, "आधी कापूस, मग तेल, मग ही. सकाळी खिडकीतून. फोरमन विचारायचा, घातला का. मी म्हणायचो, घातला."

एवढंच. ताईने ज्यासाठी आयुष्य धरून ठेवलं होतं ते हेच. तिला ते दालनात हवं होतं, माईकवर, भरल्या माणसांत. ते बोललं गेलं एका पडक्या भिंतीपुढे, ऐकायला ती आणि एक लावून ठेवलेली स्कूटर. तिचं समाधान झालं नाही. खोटं कशाला बोला, अजिबात झालं नाही.

आतून भावजय आली. "अहो, फोटोला बोलावताहेत. चला ना. वन्सं, तुम्ही पण."

"मी नाही येत त्या पाखराखाली," ताई म्हणाली.

भाऊ गेला. वळी त्याच्याच हातात राहिली. ताई दाराशी जाऊन उभी राहिली. सगळे जुने प्रेसभोवती ओळीने उभे, मध्ये मालकाची नात, वर ते निळं शेपूट. भाऊ कडेला जाऊन उभा राहिला. आजवरच्या प्रत्येक फोटोत त्याचा डावा हात पाठीमागे असतो. लग्नाच्या फोटोतसुद्धा.

फोटोवाला म्हणाला, "काका, तो हात जरा मागे घ्या. आणि ते हातात काय आहे, ते ठेवा खाली."

भावाने डावा हात छातीपुढे धरला होता. अंगठा आणि करंगळी जमेल तेवढी फाकवलेली, आणि मध्ये, जिथे तीन बोटं असायची तिथे, काळा रबर ताणलेला.

"नाही," तो म्हणाला. "असाच काढ."

फोटोवाला थांबला. नातीने त्या रबराकडे पाहिलं, मग प्रेसच्या डाव्या बटणाकडे, मग पुन्हा रबराकडे. तिचं हसू हळूहळू उतरलं.

पॉलिशवाला, ज्याने त्याला चिमटा नाव ठेवलं तोच, ओळीच्या दुसऱ्या टोकावरून खाकरला. म्हणाला, "काढ रे बाबा. तो म्हणतो तसाच काढ."